एकांत प्रार्थनेचा वेळ कोण काढून देतो?

ख्रिस्ती धर्माचरणात प्रार्थनेचे दोन प्रकार पहिल्या शतकापासून शेजारी शेजारी नांदत आले आहेत. पहिला सामुदायिक उपासनेचा, म्हणजे मंडळीने (स्थानिक ख्रिस्ती समाजासाठी मराठी ख्रिस्ती लोक हाच शब्द वापरतात) ठरलेल्या दिवशी एकत्र जमून केलेल्या स्तुतीचा, शास्त्रवाचनाचा आणि याचनेचा. दुसरा एकांत प्रार्थनेचा, म्हणजे कोणी ऐकत-पाहत नसताना एकट्या व्यक्तीने देवासमोर काही काळ थांबण्याचा. पहिल्याला जागा, वार, घंटा, पाळक आणि गीतांचे पुस्तक असते, त्यामुळे तो फारसा प्रयत्न न करताही टिकतो. दुसऱ्याला यांपैकी काहीच नसते, म्हणून कामाचा रेटा वाढला की तोच आधी सुटतो. खानदेशातील मंडळ्यांपुरते पाहिले तर रविवारची उपासना, पाळीपाळीने एकेका घरी होणारी घरप्रार्थना, उपास-प्रार्थना, महिला मंडळाची सभा आणि विश्वासात आलेली मरगळ झटकावी म्हणून मंडप घालून भरवल्या जाणाऱ्या संजीवन सभा एवढे सगळे सांभाळणाऱ्या कुटुंबाला कोणी प्रार्थनेत कमी म्हणणार नाही. तरी त्याच कुटुंबातील एखाद्या व्यक्तीला, दिवसातली वीस मिनिटे तरी एकटीने प्रार्थनेत जातात का, असे विचारले तर उत्तर बहुधा संकोचाचे येते.

या संकोचावर व्यासपीठावरून दिला जाणारा उपदेश ठरलेला असतो: लवकर उठावे, मोबाइल बाजूला ठेवावा, मनाचा निश्चय करावा. उपदेश खोटा नाही, पण अपुरा आहे, कारण वेळ ही ज्याच्या त्याच्या मालकीची वस्तू आहे आणि ती कुठे खर्चायची हे ज्याने त्याने ठरवायचे आहे, असे तो गृहीत धरतो. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी ज्यांचा दिवस रेल्वेच्या वेळापत्रकाने, शेतीपंपाला येणाऱ्या विजेने, नळाला पाणी सुटण्याच्या वेळेने आणि घरातल्या माणसांच्या भुकेने आखलेला असतो, त्यांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. ख्रिस्ती परंपरेचा इतिहास नीट पाहिला तर उलटच दिसते: एकांत प्रार्थनेला बसणारा माणूस एकटा असला, तरी त्याचा तो वेळ त्याने एकट्याने काढलेला क्वचितच असतो.

आरंभ शुभवर्तमानांपासून, म्हणजे येशूचे चरित्र आणि शिकवण सांगणाऱ्या चार ग्रंथांपासून करावा लागतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूम गावातला एक शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, येतो: सकाळी सभास्थानात शिकवण, दुपारी शिष्य शिमोन याच्या तापाने फणफणलेल्या सासूची सुश्रूषा, आणि सूर्य मावळल्यावर, शब्बाथाचे बंधन सुटताच, दाराशी लोटलेले सगळे गाव. दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून पुष्कळ अंधार असताना, येशू उठून एका निर्जन ठिकाणी जातो आणि प्रार्थना करतो. प्रवचनांतून एवढाच भाग उचलला जातो आणि त्यातून लवकर उठण्याचा धडा काढला जातो; पण लगेच पुढे जे घडते ते अधिक महत्त्वाचे आहे. शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत तिथे पोचतात, सगळे लोक तुला शोधत आहेत असे सांगतात, आणि येशू कफर्णहूमला परतण्याऐवजी शेजारच्या गावांकडे निघतो. म्हणजे त्या एकांताची किंमत गावाने मोजली. आदल्या रात्री दारात उभे असलेल्यांपैकी काही जण सकाळी रिकाम्या हाताने परतले असणार. ही गोष्ट अवघड आहे, आणि एकांताची गोडी सांगणारी पुस्तके ती बहुधा गाळतात.

त्याच ग्रंथाचा सहावा अध्याय याहून बोलका आहे. शिष्य प्रवासाहून दमून आलेले असतात, जेवायलाही सवड मिळत नसते, म्हणून येशू त्यांना घेऊन होडीने निर्जन जागी जाऊ पाहतो. लोक मात्र किनाऱ्याकिनाऱ्याने धावत त्यांच्या आधी तिथे पोचतात. ठरवलेला एकांत मोडतो. येशूला लोकांचा कळवळा येतो, तो त्यांना शिकवत बसतो, दिवस कलतो, आणि पाच हजारांच्या भोजनाचा प्रसंग घडतो. इथपर्यंतची कथा सेवेचे प्राधान्य सांगणारी वाटते, परंतु ती इथे संपत नाही: जेवणे होताच तो शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवतो, लोकसमुदायाला स्वतः निरोप देतो आणि प्रार्थनेसाठी डोंगरावर जातो. मोडलेला एकांत रद्द झाला नाही, तो रात्रीवर गेला. आणि तो मिळवण्यासाठी काही माणसांना पुढे जावे लागले, काहींना घरी जावे लागले. वल्ही मारत, वाऱ्याशी झुंजत त्या रात्री शिष्य समुद्रावर होते. लूककृत शुभवर्तमानातील बारा प्रेषितांची निवड करण्यापूर्वीची प्रार्थनेची रात्र आणि गेथशेमाने बागेत थोड्या अंतरावर बसवून ठेवलेले (आणि झोपी गेलेले) शिष्य यांतही हीच रचना आहे. गेथशेमानेत तर जागे राहण्याची विनंती स्पष्ट शब्दांत केलेली आहे. एकट्याच्या प्रार्थनेलाही जवळपास कोणी जागे असावे, ही अपेक्षा तिच्यात दिसते.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील आज्ञा, म्हणजे आपल्या खोलीत जाऊन, दार लावून, गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याची प्रार्थना करावी ही, सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा रोख प्रेक्षकांवर आहे: सभास्थानांत आणि चव्हाट्यांवर लोकांनी पाहावे म्हणून उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांविरुद्ध ती सांगितलेली आहे, आणि त्यामुळे बंद दाराचा मुख्य उपयोग आवाज बाहेर ठेवण्याचा नसून नजरा बाहेर ठेवण्याचा आहे. ही बाब एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरासाठी दिलासा देणारी ठरते. विशेष असे की, दार लावून घेतलेल्या त्या माणसाला जी प्रार्थना लगेच पुढे शिकवलेली आहे, ती प्रभूची प्रार्थना, आरंभापासून अखेरपर्यंत अनेकवचनात आहे. भाकरी मागायची ती सगळ्यांची, क्षमा मागायची ती सगळ्यांची. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात या अध्यायांना एक खास स्थान आहे. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असता एका सहप्रवासी युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला, आणि तो वाचता वाचता टिळक जिथे खिळून राहिले ते डोंगरावरील प्रवचन, म्हणजे मत्तयाचे पाचवा ते सातवा हेच अध्याय होते. दोन वर्षांनी, फेब्रुवारी 1895 मध्ये, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगणाऱ्या या कवीला एकांताची ओळख तुकारामांच्या भंडारा डोंगराकडून आधीच झालेली होती, असे मानायला हरकत नाही.

पुढील शतकांत एकांताला संस्थेचे रूप आले. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात अंतोनी आणि त्याच्या मागून गेलेले तपस्वी एकटे राहिले खरे, पण सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिने एकांताला समुदायाच्या आत जागा करून दिली. या नियमावलीचा बावन्नावा अध्याय जेमतेम काही ओळींचा आहे आणि तो प्रार्थनागृहाविषयी आहे: सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावर सर्वांनी अगदी शांतपणे बाहेर पडावे, म्हणजे ज्या बंधूला मागे थांबून एकट्याने प्रार्थना करायची असेल त्याला इतरांच्या धसमुसळेपणाचा त्रास होणार नाही. एकट्याच्या प्रार्थनेचा नियम इथे त्या एकट्याला घातलेला नसून बाहेर पडणाऱ्या सगळ्यांना घातलेला आहे. प्रार्थनेवर लिहिल्या गेलेल्या जाडजूड ग्रंथांपेक्षा या चार ओळींत व्यवहाराचे शहाणपण अधिक आहे.

कामात राहूनच प्रार्थना करता येते, वेगळा वेळ कशाला, या युक्तिवादासाठी सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स याचे नाव नेहमी घेतले जाते. पॅरिसच्या कार्मेल मठात स्वयंपाकघरात राबणारा हा साधा बंधू भांड्यांच्या खणखणाटातही देवाचे सान्निध्य अनुभवत असे, आणि त्याची पत्रे व संभाषणे आज जगभर वाचली जातात. मात्र त्याच्या स्वयंपाकघराबाहेर मठाची घंटा होती, ठरलेले प्रार्थनेचे तास होते आणि ते पाळणारा समुदाय होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. घंटा नसलेल्या स्वयंपाकघरात लॉरेन्सचे अनुकरण करू पाहणाऱ्या माणसाला शेवटी स्वयंपाक तेवढा उरतो.

मठांची व्यवस्था नाकारणाऱ्या मार्टिन ल्यूथरपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. विटेनबर्गच्या पीटर नावाच्या न्हाव्याने प्रार्थना कशी करावी असे विचारले, तेव्हा 1535 मध्ये ल्यूथरने त्याच्यासाठी एक छोटे पुस्तक लिहिले. सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम प्रार्थना असावे, आणि तासाभराने करू, आधी एवढे उरकून घेऊ, या विचाराला थारा देऊ नये, असा त्यातला सल्ला आहे. त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास हा न्हावी दारूच्या भरात जावयाला भोसकून बसला आणि त्याला हद्दपार व्हावे लागले. ल्यूथरचा सल्ला यामुळे चुकीचा ठरत नाही. पण चांगले पुस्तक हातात दिले की काम झाले, असे मानणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी.

खानदेशात आलेली एकांत प्रार्थनेची कल्पना मठ आणि ल्यूथर या दोहोंहून अलीकडची आहे. 1880 च्या दशकात केंब्रिज विद्यापीठातील इव्हँजेलिकल विद्यार्थ्यांत, म्हणजे बायबलवर आणि व्यक्तीच्या मनःपरिवर्तनावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट गटांत, न्याहारीपूर्वी एकट्याने शास्त्र वाचून प्रार्थना करण्याची शिस्त रुजली आणि तिथून ती जगभरच्या मिशनांत पसरली. त्याच दशकात, 1887 साली, अमेरिकेत ए. बी. सिम्पसन यांनी ज्या अलायन्स चळवळीची स्थापना केली, तिचे मिशनरी वऱ्हाडात आणि भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात आले. धुळे-नंदुरबारकडे, भिल्ल आणि मावची वस्त्यांत, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम उभे केले. सिम्पसन यांच्या शिकवणीत देवासमोर निःशब्द राहण्याला मोठे स्थान होते. पण ही शिस्त ज्या घरात राहून मिशनऱ्यांनी आचरली ते घर म्हणजे बंगला होता: जाड भिंती, चहूबाजूंनी व्हरांडा, लिहिण्या-वाचण्याची वेगळी खोली, रॉकेलचा दिवा, भिंतीवर घड्याळ, आणि त्या वेळात पाणी तापवणारी, चहा करणारी, मुले सांभाळणारी माणसे. न्याहारीपूर्वीचा शांत तास न्याहारी दुसरे कोणी करत असेल तरच शांत राहतो. नवख्रिस्ती कुटुंबाला शिस्त दिली गेली; तिच्यामागची खोली, दिवा आणि मदतीचे हात देणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते. यात मिशनऱ्यांचा खोटेपणा शोधण्याचे कारण नाही, त्यांतल्या अनेकांनी दुष्काळात आणि साथीत स्वतःला झिजवले. पण पुढच्या पिढ्यांना जो न्यूनगंड चिकटला त्याचे मूळ या न दिसलेल्या फरकात आहे.

खानदेशी घराची रचना मुळात एकांतासाठी नाहीच. जुन्या धाब्याच्या घरात, म्हणजे माळवदावर माती अंथरलेल्या सपाट छताच्या घरात, ओटा सगळ्या गल्लीचा असतो आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास पोचला की सगळे घर धाब्यावर झोपायला जाते. सिमेंटच्या नव्या घरात स्वतंत्र खोल्या आल्या, तर प्रत्येक खोलीत टीव्ही किंवा मोबाइलही आला. तरीही या मुलखातल्या कामांनी आपल्यापुरते काही एकांत निर्माण केले आहेत. कपाशीला रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला गेलेला माणूस एक सरी भरेपर्यंत बांधावर बॅटरी घेऊन बसलेला असतो. पाण्याकडे लक्ष ठेवावे लागते, पण दोन सऱ्यांच्या मधला अवधी त्याचा स्वतःचा असतो आणि पाहणारे तिथे कोणी नसते. पाचोऱ्याहून जळगाव-भुसावळला अप-डाऊन करणारा नोकरदार पहाटेच्या गाडीत खिडकीशी डोळे मिटून बसला तर शेजारचे प्रवासी तो झोपला असेच समजतात, आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायाच्या दृष्टीने यापरते चांगले बंद दार दुसरे नाही. बांधावरच्या आणि डब्यातल्या या प्रार्थनेला कमी लेखण्याचे कारण नाही.

स्त्रियांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि खरा पेच तिथेच आहे. विजेच्या गिरण्या गावोगाव पोचण्यापूर्वी पहाटेचा प्रहर जात्याचा होता. जळगावजवळच्या आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी घरकामात आणि शेतीकामात, जात्याशी बसून सुचलेली आहेत. घर झोपेत असताना देवाशी, माहेराशी, स्वतःशी बोलण्याची ती एकमेव वेळ होती, आणि जातीधर्माचा भेद तिला नव्हता. गिरणी आली, हातांचे कष्ट गेले, हे चांगलेच झाले. त्या कष्टांबद्दल हळहळणे हे ज्याने कधी दळले नाही अशा माणसाचे काम. पण कष्टांबरोबर तो प्रहरही गेला आणि त्याच्या जागी डबे, शाळेची रिक्षा आणि नळाचे पाणी आले. लवकर उठा हा उपदेश ऐकणाऱ्यांत जिला त्याची सर्वांत कमी गरज असते ती ही घरातली स्त्रीच, कारण ती आधीच सर्वांच्या आधी उठलेली असते. ती एक तास आणखी अलीकडे उठली तर तो तास प्रार्थनेचा राहील की त्यातही कोणाचे तरी काम शिरेल, याची हमी तिला स्वतःला देता येत नाही. ती घरातल्या इतरांनाच देता येते.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी सामुदायिक मार्गाने हाताळला. 1905 च्या प्रारंभी त्यांनी आश्रमातल्या मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले, सत्तर जणी पुढे आल्या, आणि त्या वर्षीच्या जूनअखेर जे संजीवन घडले त्यात शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, आपापली प्रार्थना करू लागल्या. त्या काळच्या काही पाहुण्यांना हा कोलाहल खटकला, आणि आजही अनेक मराठी मंडळ्यांत चालणाऱ्या अशा प्रार्थनेवर गोंगाटाचा आरोप होतो. आरोप करणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही: जिथे सगळेच बोलतात तिथे कोणाचे कोणी ऐकत नाही, आणि आयुष्यात कधी स्वतंत्र खोली न मिळालेल्या, दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या मुलींना त्या आवाजाच्या आड प्रथमच मनातले बोलायला आडोसा मिळाला असेल. हा एकांताचाच एक प्रकार मानता येईल; मात्र त्याला एक मर्यादा आहे. त्यात बोलणे होते, ऐकणे होत नाही, आणि देवासमोर गप्प राहण्याची सवय त्यातून लागत नाही.

गप्प राहण्याची ती सवय लावण्याचे प्रयत्न पुण्याकडे झाले. जॅक विन्स्लो यांनी 1922 साली अहमदनगरला स्थापन केलेला आणि पुढे पुण्यात स्थिरावलेला ख्रिस्त सेवा संघ, तसेच मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो आणि त्यांचे 1978 सालचे 'साधना' हे पुस्तक यांनी भारतीय ध्यानपद्धती आणि ख्रिस्ती प्रार्थना यांची सांगड घातली. डिमेलोंच्या काही मतांबद्दल 1998 मध्ये रोमने सावधगिरीची सूचना काढली, तरी त्यांच्या शिबिरांचा प्रभाव ओसरला नाही. परंतु आठ दिवस शिबिराला जाणे ज्यांना परवडते त्यांचा प्रश्न आधीच बराच सुटलेला असतो. कपाशीच्या वेचणीत मजुरी बुडवून शिबिरासाठी लोणावळ्याला कोण जाणार?

इथे एक तात्त्विक शंका उभी राहते. मागण्यापूर्वीच आपल्या गरजा पित्याला ठाऊक आहेत, असे येशूने त्याच सहाव्या अध्यायात म्हटले आहे, आणि तारण कृपेने मिळते, कर्माने नव्हे, हा प्रोटेस्टंट श्रद्धेचा पाया आहे. मग वेळ राखून केलेली प्रार्थना ही नव्याने लादलेली कर्मकांडाची अट तर ठरत नाही? शंका रास्त आहे, आणि रोजच्या प्रार्थनेची मिनिटे मोजून विश्वासाची उंची ठरवणाऱ्यांना ती ऐकवायलाच हवी. पण कृपा फुकट असली तरी ती घ्यायला माणूस हजर असावा लागतो. देवाला माहिती पुरवण्यासाठी हा वेळ नसतो. दिवसभर आई, सून, कारकून, मजूर, पाळक अशा नात्यांनी आणि हुद्द्यांनी हाक मारली जाणारी व्यक्ती त्या वेळात यांपैकी कोणीही नसते, आणि कृपा तिला त्या नात्यांच्या बदल्यात मिळालेली नाही, हे तिला त्याच वेळी कळू शकते. ज्या व्यक्तीला दिवसातून एकदाही असे थांबता येत नाही तिचे तारण अडत नाही, पण तिला ते उपभोगता येत नाही, आणि हे नुकसान लहान नाही.

हे मान्य केले तर मंडळीपुढचे काम उपदेशापुरते राहत नाही. बेनेडिक्टचा बावन्नावा अध्याय तालुक्याच्या गावातील मंडळीला लागू करायचा म्हणजे काही अगदी साध्या गोष्टी कराव्या लागतील. रविवारी उपासना संपल्यावर चर्चमध्ये लगेच गप्पांचा आणि खुर्च्या ओढण्याचा जो आवाज सुरू होतो तो अर्धा तास बाहेरच्या आवारात नेता येईल. एरवी आठवडाभर कुलूप असलेली इमारत संध्याकाळी तासभर, कोणताही कार्यक्रम न ठेवता, नुसती उघडी ठेवता येईल, म्हणजे घरात जागा नसलेल्याला बसायला जागा मिळेल. महिन्यातली एखादी घरप्रार्थना रद्द करून ती संध्याकाळ ज्याची त्याला परत देता येईल, जरी पाळकसाहेबांना अहवालात एक सभा कमी दाखवावी लागली तरी. आणि विवाहपूर्व मार्गदर्शनात वराला कुटुंबप्रमुखाच्या कर्तव्यांबद्दल जे सांगितले जाते त्यात, सकाळचा अर्धा तास चूल, मुले आणि पाणी त्याने सांभाळायचे आहे, म्हणजे त्या वेळात पत्नीला कोणी हाक मारणार नाही, एवढे एक कलम घालता येईल. शिमोनाने येशूला जसे शोधून काढले तसे तिलाही घरातली माणसे पहिले काही दिवस शोधून काढतीलच. तेव्हा बोलावण्याबरोबर लगेच न उठण्याची मुभा तिला मंडळीने आधीच देऊन ठेवलेली असावी.